वेशीवरचा नाईक

हुकूम संध्याकाळी आला. कोळ्ळिडम नदीला पूर चढत होता, वरच्या धरणातून पाणी सोडणं थांबणार नव्हतं आणि तंजावर जिल्हा प्रशासनाने सैन्याची मदत मागितली होती. आमच्या इंजिनिअर कंपनीचा एक कॉलम रातोरात निघाला. चार रबरी बोटी, त्यांच्या मागे लावायची इंजिनं, दोरखंड, लाइफ जॅकेटं आणि तीसेक माणसं. कॉलम कमांडर मेजर साहेब हरियाणाचे होते. मी त्यांचा सीनियर जेसीओ, सुभेदार राव.

मी तंजावरचा, म्हणून मला मुद्दाम घेतलं होतं. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी मला शाळेने नव्हे, सैन्याने शिकवली. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर घोड्यावरून आले, असं घरात सांगतात. तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात घोडा असतोच. एवढे घोडे खरंच आले असते तर त्यांना चारा पुरला नसता. कथांबद्दल माझं मत लहानपणापासून असं होतं.

गाडीत माझ्याशेजारी नाईक अरिवळगन होता. आम्ही त्याला अरिवु म्हणायचो. कंपनीतला सर्वांत चांगला बोट ऑपरेटर. घोरायचा, रमीत पत्ते लपवायचा आणि देव मानत नव्हता. त्याचे वडील रामनाथपुरमकडचे, काळा शर्ट घालून सभांमधून देवधर्माविरुद्ध बोलणारे. मुलाच्या नावातसुद्धा त्यांनी देव येऊ दिला नव्हता. अरिवु म्हणजे बुद्धी. युनिटच्या मंदिरात परेड असली की हा बाहेर चपला सांभाळत उभा राहायचा. "सार, देवापेक्षा चपला जास्त वेळा चोरीला जातात," म्हणायचा.

तिरुवैयारुच्या पुढे, कोळ्ळिडमच्या बांधालगतच्या एका गावात आम्ही सकाळी आठला पोचलो. वस्ती सुमारे चारशे. बांध पाझरत होता. हायवेच्या भरावावर शाळा होती, तिथे सगळ्यांना हलवायचं होतं. भातशेतात पाणी कमरेपर्यंत आलं होतं. बोटी उतरवल्या. चढायला कोणी येईना.

गावकरी मारियम्मन देवीच्या देवळासमोर बसले होते. प्रत्येकाच्या मनगटावर हळदीचा दोरा. याला काप्पु म्हणतात. तमिळ आडी महिन्यात अम्मनचा उत्सव सुरू झाला की हा दोरा बांधतात आणि उत्सव संपेपर्यंत कोणी गावाची वेस ओलांडत नाही. काप्पु बांधून तिसरा दिवस होता. उत्सव आठ दिवसांचा.

"राव साब, उन्हें बोलो, ऑर्डर है," मेजर साहेब म्हणाले.

"सर, ऑर्डर त्यांना आधीच मिळाली आहे. आपल्यापेक्षा वरून."

मी समजावलं. बांध फुटणार, पाणी छपरापर्यंत येणार. पूसारी, म्हणजे देवीचा पुजारी, साठीचा आणि आवाजाने खणखणीत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सुभेदार सार, दोरा बांधून वेस ओलांडली आणि गावात देवी आली, तर लेकरांना कोण वाचवणार? तुमची बोट?"

देवी म्हणजे कांजिण्या. डॉक्टर या शब्दाचा तिथे उपयोग नव्हता. मी आवाज चढवला, मग हात जोडले, मग पुन्हा आवाज चढवला. तास गेला. बांधावर ठेवलेला आमचा सॅपर दर थोड्या वेळाने रेडिओवर एकच वाक्य सांगत होता, "पाणी वाढतंय. ओव्हर."

अरिवु येऊन चौथऱ्यावर बसला. ओला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"पूसारी अय्या, अम्मन उत्सवात नदीवर स्नानाला जाते ना?"

"जाते. पाचव्या दिवशी. करगम माझ्याच डोक्यावर असतो." करगम म्हणजे फुलांनी सजवलेला पाण्याचा घट. उत्सवात देवी त्याच्यात असते.

"नदी तर वेशीबाहेर आहे. मग सगळं गाव मागून वेस ओलांडतं की."

"ओलांडत नाही! ती जाते तिथे तिची वेस जाते. एवढंही ठाऊक नाही? कुठल्या गावचा रे तू?"

"ठाऊक आहे अय्या. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

पूसारीने मनगटावरचा दोरा फिरवला. मग म्हणाला, "आज तिसराच दिवस आहे."

"दरवर्षी ती नदीकडे जाते. यंदा नदी दोन दिवस आधी तिच्याकडे आली. पाहुण्याला कोणी परत पाठवतं का?"

पुढे बसलेली एक म्हातारी खळखळून हसली. "पोरगा बोलतो झकास. कुठल्या सामीचा भक्त?"

"कुठल्याच नाही, पाट्टी."

"म्हणूनच एवढं पाठ आहे मेल्याला!"

ते खरं होतं. बापाबरोबर भक्तांशी वाद घालत वाढलेला मुलगा. भक्ताला एक कथा येत असेल तर वाद घालणाऱ्याला चार याव्या लागतात.

पूसारी म्हणाला, अम्मनला विचारावं लागेल. आमच्याकडे विचारण्याची रीत अशी: दोन पुड्या, एकीत लाल फूल, दुसरीत पांढरं. पुड्या देवीपुढे टाकायच्या, एक उचलायची. पांढरं म्हणजे होकार. तो आत गेला, पुड्या बांधून आला आणि त्या म्हातारीने एक उचलली. पांढरं निघालं. गावाने एकच गजर केला. दुसऱ्या पुडीत कुठलं फूल होतं हे मी विचारलं नाही. पूसारीने ती ताबडतोब पाण्यात सोडली होती.

त्यानंतर जे पाहिलं तसं नागरी मदतीच्या कुठल्याच कामात मी पाहिलेलं नाही. पहिल्या बोटीत करगम घेऊन पूसारी, सोबत ढोलवाले. देवी निघाली म्हणताच गाव रांगेत उभं राहिलं. मिरवणुकीत कोणती गल्ली कोणामागे चालते हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं होतं, त्याच क्रमाने बोटी भरल्या. ढकलाढकली नाही, रडारड नाही. काप्पुमुळे कोणी परगावी गेलं नव्हतं, त्यामुळे कोण हरवलं, कोण राहिलं, हा गोंधळ नव्हता. काप्पुमुळेच तीन दिवस कोणी दारूला शिवलेलं नव्हतं. पूरमदतीत काम केलेल्या कुठल्याही जवानाला विचारा, याचं मोल काय असतं.

मेजर साहेब मला म्हणाले, "राव साब, हमारी ड्रिल से अच्छी है."

अकरानंतर शेवटची बोट अरिवुने घेतली. वेशीजवळच्या वस्तीतली सात माणसं राहिली होती.

"बोट टू, किती आहेत? ओव्हर." मी रेडिओवर विचारलं.

"सात आणि एक बकरी. बकरी जॅकेट घालायला तयार नाही. ओव्हर."

"लवकर निघ."

"निघालो. आउट."

बांध तेवढ्यात फुटला. आवाज मोठा नव्हता. गाडीतून रेती ओतावी तसा होता. वाटेतल्या कालव्याच्या पुलाशी प्रवाहाने बोट पकडली आणि इंजिन बंद पडलं. आम्ही भरावावरून पाहत होतो. दोर घेऊन दोघे पुलाकडे धावले. अरिवुने एका हाताने पुलाचा कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने एकेकाला वर ढकललं. सातही पुलावर पोचले. बकरीसुद्धा पोचली. मग वाहत आलेलं नारळाचं झाड बोटीवर आदळलं आणि अरिवु प्रवाहात गेला. त्याच्या अंगावर जॅकेट नव्हतं. एक जॅकेट कमी पडलं होतं आणि त्याने स्वतःचं त्या हसऱ्या म्हातारीच्या सुनेला घातलं होतं.

तो दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत सापडला.

गावातलं एकही माणूस गेलं नाही. उरलेला उत्सव शाळेच्या मैदानात झाला. गावाच्या हिशेबाने त्यांनी वेस ओलांडलीच नव्हती.

माझा हिशेब सोपा नाही. आम्ही पोचताच बोटी भरल्या असत्या तर बांध फुटण्याआधी काम संपलं असतं. तो उशीर श्रद्धेचा. आणि ती रांग, ती शिस्त, ते शुद्धीवर असलेलं गाव, तेही श्रद्धेचंच. मी दोन्ही बाजू अनेकदा मांडल्या. उत्तर एक येत नाही. मी मांडणं सोडलेलं नाही.

त्याचा मरणोत्तर सत्कार झाला. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे बैलगाडीच्या चाकाएवढे आणि अरिवुचा फोटो टपाल तिकिटाएवढा. वारा सुटताच फ्लेक्स फाटला. सहा महिन्यांनी, मी रजेवर असताना, पूसारी आमच्या तंजावरच्या घरी आला.

"गावाने ठरवलंय. अरिवुला वेशीवर बसवायचं. वेस राखणारा सामी म्हणून. त्याच्या बापाला तुम्ही विचारा."

आमच्या भागात वेशीवरचे राखणदार असेच झालेले असतात. गावासाठी मेलेली माणसं. पण काळ्या शर्टातल्या बापाला जाऊन, तुमच्या मुलाला देव करू का, असं विचारणं ही माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड पेट्रोलिंग होती. तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. त्याच रजेत गेलो.

त्यांनी खाटेवर पडल्यापडल्या ऐकून घेतलं. नजर वरच्या पंख्याकडे होती.

"माझा मुलगा चपला सांभाळायचा, मंदिरात जायचा नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, अय्या."

"नाही म्हटलं तर?"

"तर ते बसवणार नाहीत. पण गोष्ट सांगायची थांबणार नाहीत."

"ते तर कोणालाच थांबवता आलं नाही." मग ते उठून बसले. "बसवा. पण गोष्ट खोटी सांगायची नाही. तो उडाला नाही, त्याला कोणी दर्शन दिलं नाही. जॅकेट कमी पडलं म्हणून गेला, असंच सांगायचं. नवस नाही, बळी नाही. त्याला काही द्यायचंच असेल तर दरवर्षी काप्पु बांधायच्या दिवशी सगळ्या गावाने जॅकेट घालून बोटीत बसायचं."

पूसारीने अटी ऐकल्या आणि म्हणाला, "सामी कडक आहे."

मातीची मूर्ती झाली. मिशा खऱ्यापेक्षा तिप्पट, अंगात नारिंगी जॅकेट. गावाने वर्गणीतून दोन बोटी आणि सगळ्यांना पुरतील एवढी जॅकेटं घेतली. पोहायला न येणाऱ्या मुलाला तिथे आता आया सांगतात, अरिवु सामी रागावेल. जिल्ह्याच्या आपत्ती निवारण पत्रकाने जे कधी साधलं नसतं ते त्या मिशांनी साधलं.

काही वर्षांनी कोळ्ळिडम पुन्हा तशीच चढली. मी निवृत्त होऊन तंजावरात होतो. आमच्याच कंपनीच्या तरुण कॅप्टनचा फोन आला. वाट विचारायला आधी एकदा झाला होता, हा दुसरा.

"साब, आम्ही गावात आहोत. इथे कोणी नाही."

"नीट पाहा."

"घरोघर पाहिलं. कुलपं आहेत. गुरंसुद्धा नाहीत. वेशीवर एक नाईक उभा आहे फक्त, मातीचा."

"शाळेवर जा."

तासाभराने तो पुन्हा बोलला. सगळं गाव पहाटेच शाळेवर पोचलं होतं. करगम पुढे, ढोल पुढे, सगळे जॅकेटात. कॉलमला काम उरलं नव्हतं. गावाने जवानांना जेवायला बसवलं आणि सांबारात मीठ कमी आहे म्हणून पूसारी कोणावर तरी ओरडत होता, हे मला फोनवर ऐकू आलं.

मी रामनाथपुरमला फोन लावला.

"सगळे?" वडिलांनी विचारलं.

"सगळे."

त्यांनी फोन ठेवला नाही. माझ्या कानाशी फक्त त्यांच्या पंख्याची घरघर होती. मीही फोन ठेवला नाही.

पाणी ओसरल्यावर मी गावात गेलो. नाईक अरिवळगन गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता, उजवा हात पुढे. जॅकेटचा रंग थोडा गेला होता. मी देवापुढे हात जोडत नाही, आणि सुभेदाराने नाइकाला आधी सॅल्यूट करायचा नसतो. पण नाईक देव झाला तर कोणी कोणाला करायचा, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. मी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला.