साडूभाऊंचा शेवटचा अंक

तमाम रसिक जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या साडूभाऊंइतक्या वेळा मेलेला माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही. एरवी ते वडशाला धानाची दलाली करत, आणि हिवाळा लागला की झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होत. शेवटच्या अंकात त्यांना तलवार, गोळी, विष, क्वचित एखाद्या साध्वीचा शाप, असं काहीतरी लागायचंच. मरायला ते वेळही ऐसपैस घेत. सिंदेवाहीच्या प्रयोगात एकदा तलवार लागल्यावर ते कोसळले, भाषण केलं, उठले, पुन्हा कोसळले, पुन्हा भाषण. अखेर नायकानेच वाकून कानात विनवलं, "भाऊ, मरा ना आता, माझा हात दुखून राह्यला."

घरीही तोच थाट. चहा हवा असला की आधी बेंबीच्या देठापासून ते राक्षसी हास्य. शेजारच्या आळीतली पोरं भोकाड पसरत. लग्नाच्या मांडवात ते शिरत नसत, प्रवेश करत. दुःख त्यांना एकच होतं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसायची आणि शेवटचा अंक लागला की पदर सावरून चालती व्हायची. "त्यायले मरताना काऊन पाहू मी?" म्हणायची.

एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर साडूभाऊंना शौचावाटे रक्त जाऊ लागलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठ्या आतड्यातल्या चपट्या गाठीचा तुकडा काढला, तपासला. कर्करोग निघाला.

"सुरुवातीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "किती खोल गेलाय तेवढं पाहू. वरच्या अस्तरात असेल तर दुर्बिणीतूनच काढतो. खोल असेल तर पोट उघडावं लागेल."

साडूभाऊंचा चेहरा पडला. "पोट फाडलं त मी हासू कसा?"

तपासणीच्या दिवशी त्यांनी झोपेचं इंजेक्शन नाकारलं. "खेळ आपला अन् आपणच झोपाचं?" शिवाय प्रेक्षकांविना आपण रंगमंचावर जात नाही, असा हट्ट. डॉक्टर हसून कबूल झाले. मेहुणी आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलांवर बसलो. कुशीवर निजलेले साडूभाऊ टीव्हीच्या पडद्यावर स्वतःचं आतडं न्याहाळून म्हणाले, "सिनसिनेरी झकास आहे. लाइट जरा भडक वाटून राह्यला."

डॉक्टरांनी गाठीवर निळा रंग फवारला, तशी तिच्यावरची बारीक नक्षी उठून दिसली. "रेषा विस्कटलेल्या नाहीत. लक्षण चांगलं आहे," ते म्हणाले. "आता शेवटची परीक्षा. गाठीखाली सुईने पाणी सोडतो. वर उचलली गेली तर रोग वरवरचा. तळाला चिकटून राहिली तर खोल रुतलाय."

'शेवटची' म्हटल्याबरोबर मेहुणी उठली. पदर सावरला आणि दाराकडे निघाली.

साडूभाऊ गप्प होते. इतके गप्प मी त्यांना मेल्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. सुई टोचली. ती निळी गाठ क्षणभर थरथरली, आणि तलावात पाणी चढताना कमळाचं पान उचललं जावं तशी सगळीच्या सगळी अलगद वर आली.

"उचलली!" डॉक्टर म्हणाले. "हिला आत्ताच काढतो."

मेहुणीचा हात दाराच्या कडीवर होता. तेवढ्यात साडूभाऊंच्या तोंडून, गडगडाट नाही, हातवारे नाहीत, अगदी घरगुती आणि जरा ओलसर आवाजात, कुणीही लिहून न दिलेलं वाक्य निघून गेलं:

"अवो, बस ना खाली! या खेपेले मी मरत नाई!"