दोन कार्बोरेटर, एक फाटक

सिंधुताईंनी आजवर जितके स्वेटर विणले, त्यातले निम्मे रेल्वेच्या फाटकावर विणले. फाटक पडलं की पिशवीतून सुया बाहेर, आगगाडी गेली की सुया आत. आमच्या गाडीतले किस्सेही तसेच वाढत गेले. कोणी मांडी घालून बसून विणले नाहीत. रोज सकाळी धरमपेठहून शाळेत जाताना आम्ही सहा मास्तरणी त्या फाटकावर अडकायचो, आणि रोज चार ओळी वाढायच्या.

आजकाल मला कोणीही विचारतं, "पुष्पाताई, साधी गाडी घेऊ की स्पोर्ट्स मॉडेल? वरचे पैसे वसूल होतात का?" जसं काही मी एक्स्पर्टच. तर मी उत्तर देत नाही, हे किस्से सांगते.

---

आधी आमची गाडी. म्हणजे सासऱ्यांची जुनी, मला आंदण मिळाल्यासारखी. पुढे एक सलग लांब सीट, गिअर स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढे तिघी बसायच्या. मी चालवणार, मधे गणिताच्या सिंधुताई, खिडकीशी विज्ञानाची इंदू, आमच्यातली सगळ्यात लहान. मागे हिंदीची मालती, आणि कमल-विमल, एक चित्रकलेची, एक शिवणाची. दोघी एकच वाक्य अर्धं अर्धं बोलतात, म्हणून एकीचं नाव कधी वेगळं घ्यावं लागत नाही.

थंडीत गाडी सुरू व्हायची नाही. मग पाच जणी कडक इस्त्रीच्या साड्यांत मागून ढकलायच्या. एकदा ढकलता ढकलता आठवीच्या दोन पोट्ट्या सायकलवरून गेल्या. "गुड मॉर्निंग, बाई." डिक्कीवर हात टेकलेल्या पाच जणींनी एका सुरात म्हटलं, "गुड मॉर्निंग."

त्याच दिवशी आठवीत काळ-काम-वेगाचं गणित होतं. सिंधुताई म्हणाल्या, एखादं उदाहरण तुम्हीच सांगा. मागच्या बाकावरून आवाज आला, "पाच बायका एक गाडी दहा मिनिटांत ढकलतात..."

वर्ग श्वास रोखून बसला. सिंधुताई शांतपणे फळ्याकडे वळल्या. "लिहून घ्या. सहावी बाई नुसती स्टिअरिंग धरून बसली आहे. आता सोडवा."

---

हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी एक गोष्ट झाली. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, पहिली घंटा झाली की हजेरीवर लाल रेघ मारतात. रेघेच्या खाली सही म्हणजे उशीर. सिंधुताईंची सही अख्ख्या नोकरीत कधी रेघेखाली गेली नव्हती. त्या दिवशी मोठ्या बाई हातात पट्टी घेऊन उभ्या होत्या आणि सिंधुताईंनी पट्टीच्या वरून हात घालून सही केली.

मार्चमध्ये त्या रिटायर होणार होत्या. परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. मस्करीत म्हणाल्या, "पुष्पा, तुझ्या गाडीला, माझ्या तोंडाला आता शेवटी शेवटी काळं फासू नको म्हणावं."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, नवी गाडी घ्यायची. आणि साधी नाही. स्पोर्ट्स. सिंधुताईंच्या रेघेसाठी.

रेघ हे निमित्त होतं. सदरच्या शोरूमच्या काचेतून ती गाडी मी आधीच तीनदा बघून आले होते. हे फक्त तुम्हाला सांगते.

---

बुकिंग सासऱ्यांनी केव्हाचंच करून ठेवलं होतं, नंबर लागला होता. मी ह्यांना घेऊन शोरूमला गेले. साधी आणि स्पोर्ट्स, दोघी बाजूबाजूला उभ्या. बाहेरून जुळ्या बहिणी. पण स्पोर्ट्सला दोन्ही बाजूंनी रंगाचा पट्टा, खाली जमिनीतून उगवलेला गिअर, इंजिन किती घुमून राहिलं ते दाखवणारा वेगळा काटा, आणि आत दोन कार्बोरेटर. माझे तर हात शिवशिवायला लागले.

सेल्समन अर्धा तास ह्यांच्याशी बोलला. "साहेब, पिकअप बघा. साहेब, चढावर बिलकुल दम टाकत नाही. साहेब, आपण हायवेला काढली ना, मजा येईल."

हे सगळं मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, मला सायकलही नीट येत नाही. मी मागे बसतो. मागे काय वेगळं आहे?"

सेल्समनने मागे वाकून पाहिलं. "मागे... मागे तर सेमच आहे साहेब."

"मग साधीच बरी," हे म्हणाले. मी स्पोर्ट्सची पावती फाडायला सांगितली.

---

स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी सुनावणीच झाली.

इंदू म्हणाली, "दोन गाड्यांच्या किमतीत जो फरक आहे ना पुष्पाताई, तेवढ्यात एक मोपेड येते."

"मोपेडला पिकअप असतो का?"

"नसतो. पण मोपेड तर असते."

शोरूमचं माहितीपत्रक बघत कमल म्हणाली, "रंग छान आहे, पण", आणि विमल म्हणाली, "पट्टा जरा भडक."

सिंधुताईंनी डोकं वर न काढता विचारलं, "घर ते फाटक किती वेळ लागेल या गाडीला?"

"निम्मा," मी फुशारकीनं म्हटलं.

"आणि फाटक उघडायला?"

"ते... तितकाच."

"बरं," म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या. त्यांच्या त्या "बरं"ला मी आजही घाबरते.

---

खरा गोंधळ पुढे झाला. सगळ्या जणी शोरूमला बघायला आल्या. सिंधुताईंनी पुढचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढे दोन वेगवेगळ्या खुर्च्या. मधे, बरोब्बर जिथे त्या इतकी वर्षं बसायच्या तिथे, तो चकचकीत दांडा.

"पुष्पा," त्या म्हणाल्या, "माझ्या जागी गिअर बसवला?"

झालं. सहा जणी आणि जागा पाच. मग जो काही त्याग सुरू झाला, विचारू नका.

मालती म्हणाली, "मी सिटी बसने येत जाईन, मला काय, सवय आहे."

कमल म्हणाली, "नाही नाही, आम्ही दोघी", आणि विमल म्हणाली, "रिक्षा लावू."

मी मालतीला सहज म्हटलं, "चालेल का तुला बसनं?" तर डोळ्यांत पाणी. "म्हणजे तू मला काढूनच टाकलं होतं मनातून." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा शिकले, नागपुरात कोणी जागा सोडतो म्हणालं तर ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं नाही.

शेवटी इंदूने खरोखरच मोपेड घेतली. "फरकाची वस्तू कोणीतरी वापरून बघायला पाहिजे," म्हणाली. सिंधुताईंना तिने आग्रह केला, तुम्ही माझ्या मागे बसा.

"त्या फटफटीवर? मी मेले तरी बसणार नाही," सिंधुताई म्हणाल्या, आणि इंदूच्या खिडकीच्या जागेवर येऊन बसल्या. पण बसताना गिअरकडे बघितलंच. सवतीकडे बघावं तसं.

---

भिवापूरहून सासरे गाडी बघायला आले. मिरचीचा हंगाम होता, सोबत एक पोतं. गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"साधीबी अशीच दिसते म्हनतेत?"

"हो मामंजी."

"मंग हिचे पैसे काहून जास्त?"

"हिला पिकअप आहे."

"मंजे?"

"मंजे, एकदम जोरात पळते."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "सूनबाई, तुह्या मांगं कोन लागलं?"

मग डिक्की उघडून पोतं ठेवलं, झाकण लावून पाहिलं, लागलं. तेव्हा कुठे समाधान झालं. "हां. गाडी चांगली आहे."

ते पोतं काढल्यावरही आठवडाभर आम्ही शिंकत शाळेत गेलो. मागे बसलेल्या तिघी तर तालात शिंकायच्या. सेल्समन म्हणाला होता ना, मागे काही वेगळं नाही. वेगळं आम्ही केलं.

---

मालतीला वेगाची भारी भीती. गाडी सुरू झाली की डोळे मिटून जपमाळ. जुन्या गाडीत फाटक यायच्या आत एक माळ पूर्ण व्हायची, हे तिचं गणित.

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना शहराबाहेर बेसा गावाच्या रस्त्यानं घेऊन गेले. दोन्हीकडे शेतं, पुढे एक बैलगाडीही नाही. मी पाय दाबला. काय सांगू तुम्हाला. पाठ सीटला चिकटली, तो काटा सरसर वर, दोन्ही कार्बोरेटर एकदम गायला लागले. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, दहावीच्या वर्गाला खंडांची हालचाल शिकवणारी, आणि मोठ्यांदा हसत सुटले. कमल "अगं" म्हणाली आणि "बाई" म्हणायला विमल विसरली.

बेसा गाव आलं. गाडी थांबवली. मी घाबरतच वळून पाहिलं. मालतीने डोळे उघडले, माळेकडे बघितलं.

"माझी अर्धीच झाली," ती म्हणाली. "वापस फिर आणि अजून एक चक्कर मार."

---

आता फाटकाचं. नव्या गाडीनं आम्ही फाटकाशी खरंच निम्म्या वेळात पोचायला लागलो. पण पूर्वी आम्ही रमतगमत पोचायचो तेव्हा पॅसेंजर यायच्या बेतात असायची. आता आम्ही पोचायचो आणि फाटकवाला आमच्या नाकासमोर फाटक पाडायचा.

एक दिवस मी काच खाली करून म्हटलं, "भाऊ, तुम्ही आमचीच वाट बघून राहिले का?"

"नाही बाई," तो म्हणाला. "तुम्हीच लवकर येऊन राहिल्या. पण आवाज मस्त आहे गाडीचा. लांबूनच समजते. मी मनतो, चला, आल्या बाई, आता पाडा फाटक."

मी चिडले. सिंधुताईंनी मात्र विणकाम माझ्यासमोर धरलं. "पूर्वी इथे चार ओळी व्हायच्या, आता दहा होतात. खामखा नावं नको ठेवू. गाडी फायद्याची आहे."

इंदू मात्र रोज आमच्यानंतर घरून निघायची आणि आम्ही पोचलो की स्टाफरूममध्ये चहा पीत बसलेली असायची. कशी पोचते विचारलं तर नुसती हसायची. "मोपेड आहे ना."

---

शेवटचा तेवढा सांगते.

सिंधुताईंचा नोकरीचा शेवटचा दिवस. पोरींनी हार आणून ठेवले होते. सिंधुताई नवी नारिंगी काठाची साडी नेसून, पिशवीत भाच्याच्या स्वेटरची शेवटची बाही घेऊन बसल्या. मी मनाशी ठरवलं होतं, आज या गाडीनं पैसे फेडायचे. रेघेच्या वर, ठसठशीत, सावकाश सही व्हायला पाहिजे.

आम्ही नेहमीपेक्षा आधी निघालो. गाडी एका किल्लीत सुरू. चौकात सगळ्यांना मागे टाकलं. मालतीची तर पाव माळही झाली नाही.

आणि फाटक बंद.

पॅसेंजर गेली. फाटक उघडेना. मी हॉर्न दिला. फाटकवाला आला. "थांबा बाई, मालगाडी पन सोडून राहिले. अजून मागच्याच स्टेशनात आहे. हुकूम आहे, खोलता येत नाही."

"किती वेळ?"

"आता ते तिच्या मनावर."

मी इंजिन चालूच ठेवलं. काटा उगाच वरखाली होत होता. सिंधुताईंनी सुया काढल्या नाहीत. पिशवी मांडीवर धरून फाटकाच्या पांढऱ्या-तांबड्या दांड्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सगळ्या नोकरीत नाही ते आज होणार, आणि माझ्याच गाडीत.

तेवढ्यात मागून फटफट आवाज आला. मोटारींच्या, रिक्षांच्या मधून वाट काढत इंदू. आमच्याकडे पाहिलं, हात हलवला, फाटकाशी जाऊन उतरली. सायकलवाले करतात तसं मोपेड एका अंगावर कलती केली आणि सर्रकन दांड्याखालून पलीकडे.

मालती म्हणाली, "अगं बाई, अशी जाते होय ही."

माझ्या शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून बघते तर सीट रिकामी. सिंधुताई पदर खोचून फाटकाकडे चालल्या होत्या. दांड्याशी थांबल्या, चष्मा काढून पिशवीत ठेवला, आणि त्या, ज्यांना आठवीच्या पोट्ट्या घाबरतात, कंबरेत वाकून दांड्याखालून पलीकडे गेल्या. रूळ ओलांडले, दोन्हीकडे बघून. पलीकडच्या दांड्याखालून पुन्हा वाकल्या. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना येताना बघून इंदू थांबली होती; सिंधुताई तिच्या मागे एका अंगाने बसल्या, एक हात तिच्या खांद्यावर.

मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी फाटकवाल्याला हाक मारली, पिशवीतून चष्मा काढून घेतला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. काहीतरी सांगितलं. मोपेड गेली.

फाटकवाला रूळ ओलांडून, कार्बोरेटरच्या त्या मस्त आवाजात, माझ्या खिडकीशी आला. पिशवी आत दिली.

"बाईंनी सांगतलं," तो म्हणाला, "तुम्ही थांबल्याच आहे, तर बाही पुरी करून टाका म्हने. आन् सैल विणू नका म्हने."