गाळलेली सप्तपदी

ती घटना आठवली की अजूनही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, चोर-दरोडेखोरांचे चेहरे पुसट झाले. पण कोप्पीकर रोडवरच्या त्या दुकानदाराचं हसणं काही विसरता येत नाही.

मी तेव्हा हुबळीत इन्स्पेक्टर होतो. या दुकानदारानं धारवाडात दुसरं लग्न केलं, अशी फिर्याद त्याच्या बायकोनं कोर्टात दिली होती. पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं गुन्हा आहे, पण त्यात पोलिसांना परस्पर हात घालता येत नाही. बायकोलाच कोर्टाची पायरी चढावी लागते. मॅजिस्ट्रेटनी कागद चौकशीसाठी आमच्याकडे पाठवले.

दुसरी बाई शिक्षिका, धारवाडच्या सप्तापुरात भाड्याच्या खोलीत राहणारी. आईवडील नव्हते. हा गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस तिच्याकडे यायचा, बाकीचे दिवस धंद्यानिमित्त फिरतीवर असतो म्हणायचा. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, हे तिला आमचा हवालदार दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

लग्नाचा पुरावा मिळेना. पत्रिका नव्हती, फोटो नव्हता, कुठल्या कचेरीत नोंद नव्हती. पण माणूस नातेवाइकांपासून लग्न लपवू शकतो, हारवाल्यापासून नाही. धारवाडच्या मार्केटातल्या एका हारवाल्यानं हवालदाराला खबर दिली, "बाशिंगं माझ्याकडनंच नेली की हो. भटजी पण मीच गाठून दिले."

भटजी म्हातारे होते. ठाण्यात पाऊल टाकताच त्यांना घाम फुटला. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, मग जबाब घेतला.

"अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या, मंगळसूत्र बांधलं," ते म्हणाले. "होमाची तयारी करायला लागलो, तर नवरदेव म्हणाले, 'इष्ट साकु.' एवढं पुरे. मी म्हटलं, अहो अण्णा, सप्तपदी राहिली की. तर म्हणाले, घरची माणसं आली नाहीत, त्यांच्यासमोर पुढं थाटात करू."

"आणि नवरी?"

"तिनं पण विचारलं, साहेब. तिलाही हेच सांगितलं."

दुकानदाराला बोलावलं तेव्हा तो पायावर पाय टाकून बसला. म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेब, लग्न झालंच नाही. होम नाही, सप्तपदी नाही. आमच्या रिवाजात सातवं पाऊल पडल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. कायद्यातच आहे, काढून बघा."

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

तो हसला. "ठाऊक होतं म्हणून तर इथं निवांत बसलोय."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मनात आलं. काढला नाही. कारण कायदा खरोखरच त्याच्या बाजूनं होता. त्याच्या वकिलानं हेच कोर्टात लेखी दिलं, भटजींनी शपथेवर तेच सांगितलं आणि पहिल्या बायकोची फिर्याद निकालात निघाली. ती बाई कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही मुलांना धरून उभी होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली.

त्या संतापातच पिनल कोड पुन्हा उघडलं. दुसऱ्या लग्नाच्या कलमाच्या अगदी आधीचं कलम वाचलं आणि ताठ बसलो. लग्न झालेलं नसताना ते झालं असं भासवून बाईला संसाराला लावणं, हा त्याहूनही मोठा गुन्हा. ज्या लेखी म्हणण्यानं तो सुटला होता, तेच आता त्याच्या गळ्याशी आलं होतं.

पण इथंही फिर्याद द्यायला हवी होती फसलेल्या बाईनंच, म्हणजे त्या शिक्षिकेनं. मी सप्तापुरात गेलो, सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी त्याची बायको नाही, हे भर कोर्टात मीच सांगायचं?"

"होय, ताई."

"दोन वर्षं मंगळसूत्र घालून शाळेत जाते मी. पोरं, मास्तर, घरमालकीण अक्का, सगळे बघतात. त्यांच्यासमोर मी कोण, साहेब?"

फसवणारा पायावर पाय टाकून बसतो आणि फसलेल्या बाईनं चव्हाट्यावर उभं राहायचं, याची चीड मला आजही येते.

तिनं फिर्याद दिली. साक्षीत मान खाली न घालता बोलली. दुकानदार तुरुंगात गेला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. आपण लग्नात पंगत बघतो, मानपान बघतो, आहेर बघतो. पण विधी पुरा झाला का आणि सरकारदरबारी नोंद झाली का, हे विचारायला लाजतो. त्या लाजेवरच असली माणसं जगतात. पुढं माझ्या मुलीच्या लग्नात मी होमाजवळ उभा राहून सातही पावलं मोठ्यानं मोजली आणि दुसऱ्या दिवशी जोडप्याला नोंदणीला घेऊन गेलो. व्याही हसले. हसू दिलं.

त्या शिक्षिकेनं फिर्याद दिल्यावर चौकशी पुन्हा आमच्याकडे आली, तेव्हा ती जबाब द्यायला ठाण्यात आली होती. सही झाल्यावर तिनं मंगळसूत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते पंचांसमक्ष पाकिटात घातलं, सील केलं, मुद्देमालाच्या रजिस्टरात चढवलं. ती उठली नाही.

"पावती द्या, साहेब," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचा एक तरी सरकारी कागद असू दे माझ्याकडं."

मी पावती लिहिली. सही केली, ठाण्याचा शिक्का मारला आणि तिच्या हातात दिली.