आबांची सोलर खरेदी

लाइट गेली की आई शिलाई मशीन पायानं चालवायची. त्या शिलाईवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. आईचे गुडघे मात्र गेले. नोकरी लागताच मी बॅटरीवाला सोलर घ्यायचं ठरवलं.

भाव करायला शेजारचे आबा स्वतःहून निघाले. बारामतीत दुकानोदुकानी ते पॅनेलवर बैलाच्या पाठीसारखी थाप मारत, किंमत ऐकून उठत आणि दुकानदार परत बोलावीपर्यंत दारात चपला शोधत बसत. चपला समोरच असत.

"आबा, वॉरंटी तरी विचारा," मी म्हणायचे.

"कागूद कुनीबी देतंय, पोरी."

इंदापुरात दुकानदार एका स्वस्त बॅटरीचं कौतुक सांगत होता. त्याचं घर दुकानामागंच होतं. आबा पाणी प्यायला म्हणून थेट आत गेले आणि तिथूनच ओरडले, "शेठ, हितं तर दुसरीच बॅटरी हाय की!"

मला कुठं तोंड लपवू असं झालं. दुकानदार ओशाळून म्हणाला, "ती महाग पडंल, आबा."

"पडू दे. तुमच्या घरात हाय, तीच आमाला द्या."

आम्ही तीच घेतली. आता लाइट गेली तरी आईचं मशीन मोटारीवर चालतं.