नावाडीण कुठं गेली

फोन आला तेव्हा माझा आठवीचा इंग्रजीचा तास चालू होता. वर्गात मी फोन घेत नाही, मुलांनाही घेऊ देत नाही. पण त्या दिवसांत तो टेबलावर समोरच ठेवत होते. शेजारच्या कांताकाकू एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, घरी ये गं..." मी खडू ठेवला आणि निघाले. माझे सासरे, ज्यांना घरात आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो, दुपारचं जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला आलेली माणसं त्यांच्या साखर कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिली. अण्णा तिथे पॅनमन होते, म्हणजे रस आटवताना त्यात साखरेचा दाणा धरवणारे. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडापुढे धरून दाण्याची पारख करावी ती अण्णांनीच, असं सगळेच म्हणाले. मी चहा देत होते, ऐकत होते. माझ्याकडची गोष्ट मात्र त्या बैठकीत सांगण्यासारखी नव्हती. श्रीगोंद्यातल्या एका घरात सासरा आणि सून रोज संध्याकाळी जपानी कार्टून बघत बसायचे, हे सुतकात कुणाला सांगणार!

सुरुवात सासूबाई गेल्यानंतरची. माझा नवरा विजय नगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला, पाळ्यांमुळे खोलीही तिथेच, घरी येणं सुट्टीपुरतं. घरात अण्णा आणि मी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमचं बोलणं "जेवायला वाढू का?" आणि "वाढ" यापलीकडे गेलेलं नव्हतं, कारण मधे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या आणि दोन्हीकडचे निरोप त्याच पोचवायच्या. त्या गेल्या तसं घर गप्पच झालं. अण्णा अर्धी भाकरी खाऊन उठायचे. संगमनेरची माझी मैत्रीण वैशाली ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, वेडी. तिच्या सांगण्यावरून मी एक मालिका टीव्हीवर लावली होती. नदीकाठचं गाव, तिथे आलेली एक शहरातली मुलगी आणि तिला नाव चालवायला शिकवणारी म्हातारी नावाडीण. अण्णा पेपर घ्यायला आत आले आणि उभेच राहिले. त्यांचं लहानपण भीमेच्या काठी गेलेलं. "वल्हं बरूबर धरलंय हिनं," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "काय म्हनती ती?" खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून मी स्वयंपाकघराच्या दारातूनच मराठीत सांगितलं. सासऱ्यासमोर बसायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून चार-पाच भाग मी दारात उभं राहूनच सांगितले. मग एका संध्याकाळी अण्णांनी स्वतः स्टूल पुढे सरकवलं. "पाय दुखत्याल तुजे. बस की." मला त्या स्टुलाचा जेवढा आनंद झाला, तेवढा नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.

आणि मग बाराव्या भागात म्हातारी मेली. दाखवलं काहीच नाही. रिकामी नाव, धुकं, आणि शेजारीण त्या मुलीला सांगते की ती पहाटे गेली. मी ओळ वाचली. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्याबाईंना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि हल्लीच कुठे ते पूर्ण भाकरी खायला लागले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "लेकाकडे गेलीय. समुद्राकाठी."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "थकली हुती."

एक थाप मारली की ती निभावावी लागते, हे मी वर्गात मुलांना ऐकवत असते. पुढचे चौदा भाग मी ती निभावली. मुलगी रडली की "तिला करमत नाहीये", गावकरी जमले की "पत्र आलंय". मराठीत एवढी प्रतिभा मी कधी दाखवली नव्हती.

घोळ केला तो वैशालीनं. दिवाळीच्या सुट्टीत ती राहायला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "अण्णा, त्या नावाडणीवर वेगळं पुस्तक निघालंय, माहितीय का? मंगा म्हणतात त्याला, सगळी गोष्ट चित्रांतून. मालिकेत न आलेलं तिचं सगळं आयुष्य आहे त्यात." मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता. मग आमची जुंपली. मी म्हणाले, मालिकेत जे दाखवलं नाही ते मुद्दामच दाखवलेलं नसतं, ते हुडकत बसू नये. मग मालिकेची चव जाते. वैशाली म्हणाली, उलट वाढते. अण्णांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली. "कारखान्यात साखर निघाली की मळी उरती. टाकून देतो व्हय आमी ती? तिच्यात बी लई काय काय असतं. आन् मानूस आवडलं म्हनल्यावर, ते आपल्याम्होरं नसताना काय करत हुतं, हे इचारावं न्हाई का वाटत?" स्वयंपाकघरात नेऊन मी वैशालीला खरं कारण सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

अण्णांनी परस्पर विजयला सांगून पुस्तक मागवलं. ते आलं त्या दिवसापासून मी टोलवत राहिले. पेपर तपासायचेत, डोकं दुखतंय, रविवारी बघू. शेवटी एका शनिवारी मी शाळेतून आले तर पुस्तक अण्णांच्या मांडीवर उघडं. जपानी पुस्तकं, इंग्रजीत आणलेलीसुद्धा, उजवीकडून सुरू होतात. अण्णांनी ते आपल्या पुस्तकांसारखं डावीकडून उघडलं होतं, आणि पहिल्याच पानावर त्यांना शेवट भेटला होता. फुलांत ठेवलेला म्हातारीचा फोटो, समोर उदबत्त्या, हात जोडून बसलेली ती मुलगी. त्याला इंग्रजी लागत नव्हतं.

"ही तर गेली की," अण्णा म्हणाले. "तू लेकाकडं गेली म्हनली हुतीस."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. टीव्ही बंद. मला वाटलं, संपलं. पुन्हा "वाढू का" आणि "वाढ". तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते, तर ते येऊन दारात उभे राहिले. "मी बी तुज्या आत्याबाईला दवाखान्यात रोज सांगायचो, आयतवारी घरी जाऊ. तिला कुनाकुनाला भेटायचं आसंल... काय काय बोलायचं आसंल. मी बोलूच दिलं न्हाई." तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही. "तवा तू केलंस ते मला बरं पडलं, न्हाई कशाला म्हनू. पन हितनं म्होरं नको. आता पैल्यापासनं लाव, आन् लिवलंय तेच सांग."

आम्ही सगळे भाग पुन्हा बघितले. मी एकही शब्द बदलला नाही. बाराव्या भागाला अण्णा मोकळेपणानं रडले, मीही. मग पुस्तक उजवीकडून उघडून तेही वाचलं. मधेच ते म्हणायचे, "हितं तुजंच पत्र बरं हुतं गं." मंगा वाचावं की नाही यावर वैशाली आणि मी अजून भांडतो, पण अण्णांनी ते वाचायचा हट्ट धरला याबद्दल मी देवाचे आभार मानते.

कारण पुढच्याच वर्षी, ऐन थंडीत, नगरच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. विजयनं मला हळूच कोपर लावलं, सांगू नकोस म्हणून. पलंगावरून अण्णा माझ्याकडे बघत होते. "काय म्हनत्यात ते?" मी त्यांच्याजवळ बसले आणि डॉक्टरांची वाक्यं एकामागून एक मराठीत सांगितली. गाठ कुठे आहे, काय करता येणार नाही, दिवस साधारण किती. गाळलं काही नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "बरं. मंग घरी चला, कामं हायेत."

तेराव्याला अण्णांची बहीण, गोदाआत्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांसमोर म्हणाली, "बरं झालं बाई, त्याला काय कळलं न्हाई. जायच्या आठ दिस आदी मला मुद्दाम बोलवून घेतलं, हुरडा खायाला. दिसभर रानात बसवून ठिवलं, आईच्या गोष्टी काढल्या, लई हसला. कळलं असतं तर असा हसला असता का?"

विजयनं मान खाली घातली. मी म्हणाले, "आत्या, त्यांना सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं."