उपाशी ठेवलेलं लेकरू

डोंगरकड्याहून मी पुण्याला निघाले तेव्हा जीपमध्ये दोन गोण्या, एक ट्रंक आणि मी. सुनेचं बाळंतपण करायला चालले होते. भाऊ म्हणाला, "अक्का, दोन महिन्यांत येशील ना माघारी?" मी म्हणाले, "न्हाई आले तर तुला काय भाकरी कमी पडून राहिल्या?" तो हसला. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. हे त्याच्यासाठी लिहिते आहे, आणि आपली जी माणसं गाव सोडून गेली त्यांच्यासाठी. चौथी शिकले आहे. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

सून म्हणजे या भावाचीच थोरली पोरगी. मलाही मामाच्याच घरात दिलेलं. आमच्यात रीतच तशी. पोरगी ओळखीच्या माणसांत राहते.

नात झाली. तिसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या टाचेला सुई टोचली आणि रक्ताचे थेंब जाड कागदावर उतरवून घेतले. मी भांडले. "काहून टोचून राहिली? चांगलं धडधाकट लेकरू आहे." ती म्हणाली, "आजी, धडधाकट आहे तेव्हाच बघायचं असतं."

काही दिवसांनी फोन आला. पुन्हा तपासणी झाली, आईबापाचीही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की अंग आपली चरबी जाळून चालतं. या पोरीच्या अंगाला ती नीट जाळता येत नाही. ही खोट आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एकाकडूनच आली तर काही होत नाही, कळतही नाही. नात्यातल्या नवराबायकोत ती दोघांकडे असण्याचा संभव जास्त. उपाय काय, तर वेळेवर खाऊ घालणं. ताप आला आणि खाईना, तर लगेच दवाखाना, साखरेची सलाईन.

मी विचारलं, "आणि उपाशी ठेवलं तर?"

"गुंगी येते. मग लेकरू उठत नाही."

ते मी पाहिलेलं आहे. माझी पहिली पोरगी गंगा, सव्वा वर्षाची. ताप आला. तापात लंघन करायचं असतं, हे सासूनं सांगितलं, आणि मलाही तसंच वाटत होतं. दूध बंद केलं. ती रांगत चुलीपाशी आली आणि भाकरीच्या टोपल्याला धरून उभी राहिली. मी तिची बोटं सोडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. बाधा झाली म्हणाले. मीही तेच म्हणाले. तिचं रक्त कोणी तपासलं नाही, त्यामुळे खात्रीनं कोणीच सांगणार नाही. मला मात्र दुसरं काही वाटत नाही. सासूला दोष देऊन उपयोग नाही. हात माझा होता.

इथं फ्रीजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलेला आहे, मोबाईलला अलार्म आहे, नात शाळेत दोन डबे नेते. ती जेवायला बसली की मी तिच्या बोटांकडे बघत नाही.

आता भावाची धाकटी पोरगी सुनीता. तिला आमच्या बहिणीच्या घरात दिली, सेनगावला. आठवा महिना आहे. मी भावाला फोन केला, लेकराच्या टाचेचं रक्त तपासून घ्या म्हणाले.

"आपल्या घराण्यात खोट न्हाई, अक्का. नातीला पुण्याचं पाणी लागलं."

"मग गंगीला कोणतं पाणी लागलं होतं रे?"

त्यानं फोन ठेवला.

दोन दिवसांनी सुनीताचाच आला. "आत्या, बाबा म्हणले आत्याचं मनावर घेऊ नको. म्हणून फोन केला. हिंगोलीत घेतेत का ते रक्त?"

"ठाऊक न्हाई. न्हाई घेतलं तर नांदेडला नेऊ. मी येऊन राहिले. तवर ध्यानात ठेव, तापात दूध बंद कर असं कोणी म्हणलं तर म्हाताऱ्या माणसाचंही ऐकायचं न्हाई."

"तुमचंबी?"

"माझं तर मुळीच न्हाई."

गावाकडं तुझं काय आहे असं इथले लोक विचारतात. शेताच्या बांधाला पुरलेली गंगा आहे. घर म्हणायचं तर तेवढंच. भाऊ, मी तुझ्याकडे न उतरता सरळ सेनगावला जाते आहे. राग धर. पण सुनीताचं लेकरू रडलं तर आधी त्याला पाजू द्या.