लॅटिन, पोट आणि जुना कोट

पेंटरबुवांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं आणि अर्थाच्या नावानं आनंद. 'डिपार्टमेंटल' हा शब्द त्यांनी गावभर रंगवला, पण तो कशाशी खातात हे ब्रश खाली ठेवेपर्यंत कळलं नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता सत्तरीत बुवांच्या मनात समोरच्या शिवणवाल्या बाई भरल्या. त्याही एकट्याच. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणे. बुवा तेवढे दूरदृष्टीनं काहीच म्हणत नसत. आपलं पुढचं आयुष्य एकत्र काढायचं का, एवढंच विचारायचं होतं. पण तोंड उघडलं की हवापाण्याच्या गप्पा बाहेर पडत.

अशात एकदा कॉलेजातली नात म्हणाली, "आजोबा, तुमचं वय ऑटम्नल आहे."

"शिवी का गं?"

"नाही हो. पानगळीच्या ऋतूसारखं."

बुवांनी डोक्यावरून हात फिरवला. गळायला तिथं फारसं काही उरलंच नव्हतं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून नातीनं जाडा शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधल्या 'ऑटम्नस'वरून आलेला. त्याच्याही मागं काय, ते पक्कं नाही. पण काही जण तो 'ऑगेरे'शी जोडायचे, म्हणजे वाढणं. पिकं भरतात, फळं पिकतात, तो काळ. 'पक्कं नाही' एवढं बुवांनी सोयीस्करपणे कानाआड केलं आणि लग्नातला कोट काखेत मारून तडक समोर गेले.

"सैल करायचाय," ते म्हणाले.

"हात वर करा," बाई म्हणाल्या.

हात वर, पोट आत, श्वास कोंडलेला, अशा अवतारात बुवांनी लॅटिन सुरू केलं. "आपलं वय ऑटम्नल. म्हणजे गळण्याचं नव्हे हं. मुळात त्याचा अर्थ वाढणं."

बाईंनी टेप पोटाभोवती ओढली. "वाढलंय ते दिसतंयच. श्वास सोडा, नाहीतर माप खोटं येईल."

बुवांनी श्वास सोडला. टेप बाईंच्या हातून सरकली आणि बुवांचं उरलंसुरलं अवसानही गळालं.

"नक्की वाढणंच ना?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "की मला गटवायला?"

"पक्कं नाही," बुवा पडेल आवाजात म्हणाले. "विद्वानांनाही नाही. मला तर आजच कळलं. पण बाई, गटवायचं मात्र आहे. उरलेले दिवस एकत्र काढू या का, हे विचारायला आलो होतो. कोट आपला उगाच."

बाईंनी टेप गळ्यात टाकली. मग कोटाची शिवण उलटसुलट करून पाहिली.

"पक्कं आहे म्हणाला असतात, तर कोटासकट बाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत?"

"कशाला?"

"स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे. जिना उभा आहे. रोज जमणार असेल, तर आत्ताच चढून दाखवा. मी मागून येते, चहा टाकते."

बुवा कठडा धरून, धापा टाकत चढले. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी खाली हाक मारली, "बाई, साखर बेतानं. वाढायचं म्हणजे किती, यालाही काही माप हवं."